कृषी पदवीसाठी परवडणारे महाविद्यालय निवडताना

बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झाल्यावर कृषी शाखेतच शिकायचे, हे माझे आधीच ठरले होते. राजापूर तालुक्यातील आमच्या आंबा-काजूच्या बागेत फवारणीपासून काढणीपर्यंतची सर्व कामे पिढ्यान्‌पिढ्या होत आली; त्यामागचे शास्त्र मात्र घरात कोणी शिकलेले नव्हते. प्रश्न खर्चाचा होता, आणि त्याबाबत माझे मत आज पक्के झाले आहे: माहितीपत्रकातील शिक्षण शुल्कावर न थांबता चार वर्षांचा एकूण खर्च आणि त्या बदल्यात शेतावर प्रत्यक्ष करायला मिळणारे काम, यांचा हिशेब एकत्र मांडावा.

नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे कृषी अभ्यासक्रम खर्चाला हलके आहेत आणि काम सांभाळून शिकणाऱ्यांसाठी ते फार उपयोगी आहेत. मला मात्र लोकसेवा आयोगाची कृषी सेवा परीक्षा द्यायची असल्याने, आणि रोज शेतावर उभे राहून शिकायचे असल्याने, मी चार वर्षांची बी.एस्सी. (ऑनर्स) कृषी ही पदवी निवडली.

सर्वांत जास्त धावपळ झाली ती सातबाऱ्यासाठी. शेतकरी कुटुंबातील उमेदवाराला गुणवत्ता यादीत भारांश, म्हणजे जादा गुणांचा लाभ, मिळतो, पण कोकणात जमिनी सामाईक, एकेका उताऱ्यावर नावांची रांग, आणि आमच्या उताऱ्यावर अजून आजोबांचेच नाव होते. बाबांनी मृत्यूचा दाखला आणि वारसांची यादी जोडून तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज दिला, मुंबईच्या काकांना फोन करून सगळे समजावून सांगितले, आणि नोटिशीची पंधरा दिवसांची मुदत संपल्यावर मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार मंजूर केला. ज्यांच्या घरी असा जुना उतारा असेल त्यांनी प्रवेश परीक्षेच्या अभ्यासाबरोबरच हे काम हाती घ्यावे, कारण जात पडताळणी, नॉन क्रिमीलेअर आणि उत्पन्नाचा दाखला यांचीही गर्दी नेमकी निकालानंतरच होते.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या इतर मागास, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे. आम्ही कुणबी असल्याने ही सवलत मला लागू होती. मात्र ती केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून मिळालेल्या जागेलाच मिळते, संस्थास्तरावरील कोट्याला नाही. शिवाय वसतिगृह, खानावळ आणि प्रवास हा खर्च आपल्यालाच करावा लागतो. म्हणूनच शुल्क माफ असूनही कोणत्या महाविद्यालयात राहणे-जेवणे परवडेल, हे पाहणे भाग होते.

एका खासगी महाविद्यालयाची इमारत देखणी होती, पण शेडनेट फाटलेले आणि रोपवाटिकेतील पिशव्यांत तण माजलेले दिसले. प्रक्षेत्र, म्हणजे महाविद्यालयाचे प्रात्यक्षिकांचे शेत, किती एकर आहे, याचेही उत्तर कोणी नीट दिले नाही. त्यानंतर भर पावसात दापोलीला, डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात गेले. तिथे विद्यार्थी छपराखाली कोय कलमे बांधत बसले होते. कोयीतून उगवलेले तांबूस पानांचे कोवळे रोप वरून छाटून त्याला मधोमध चीर द्यायची, हापूसची डोळकाडी (कलमासाठी घेतलेली फांदी) पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची आणि प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. एका ताईने सैल बसलेली पट्टी सोडून ती पुन्हा बांधायला लावली आणि पाणी आत गेले तर सांधा कुजतो, हे मला समजावून सांगितले. निलम आणि हापूस यांच्या संकरातून निघालेला ‘रत्ना’ हा आंबा याच विद्यापीठाचा, आणि आमच्या बागेतला ‘वेंगुर्ला-४’ काजूही त्याच्याच वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रातला, हे समजल्यावर मला फार अभिमान वाटला.

पसंतीक्रमात मी दापोलीचे शासकीय महाविद्यालय पहिले भरले आणि तेच मिळाले. वसतिगृहातही जागा मिळाली. सवलतीचा अर्ज महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावर दरवर्षी नव्याने भरावा लागतो आणि बँक खाते आधारशी जोडलेले असावे लागते. त्यामुळे उत्पन्नाचा ताजा दाखला काढण्याचे काम बाबांनी आता आपल्याकडे घेतले आहे.