शून्य ड्युटी आणि सोलापूरचे टॉवेल

ट्रक वेल्समधल्या होलीहेड बंदरात, डब्लिनची बोट सुटायला तीन तास, आणि पॅकिंग लिस्टच्या चौथ्या ओळीत ‘सोलापूर’. इन्व्हॉइसच्या तळाशी मात्र माल ब्रिटिश मूळचा असल्याचं घोषणापत्र. कस्टम्सचे कागद भरणं माझं काम; फाईल तिथेच थांबवली.

बोटीवर चढण्याआधी आयर्लंडचं आयात डिक्लेरेशन भरून त्याचा एमआरएन (डिक्लेरेशनचा नंबर) ट्रकच्या पीबीएनला (बोटीवर चढण्याआधीची नोंद) जोडावा लागतो, नाहीतर ट्रक आत घेत नाहीत. त्यामुळे जे ठरवायचं ते या तीन तासांतच.

माल टेरी टॉवेलचा, कस्टम्सचा कोड 6302 60. सोलापूरहून इंग्लंडला आला, तिथली ड्युटी भरून गोदामात पडला, मग त्यावर डब्लिनच्या हॉटेलांची नावं भरतकामाने काढली. व्यापाऱ्याचं म्हणणं सरळ होतं: “ड्युटी एकदा भरलीय, काम इथे केलंय, आणि ब्रिटन-युरोपीय युनियनच्या करारात झिरो टॅरिफ आहे.” तिन्ही गोष्टी खऱ्या. तरीही ड्युटी पुन्हा लागणारच होती.

ब्रिटन युनियनमध्ये होतं तेव्हा एकदा ड्युटी भरलेला माल डब्लिनला पाठवणं म्हणजे पुण्याहून नाशिकला पाठवणं होतं. 1 जानेवारी 2021 पासून तसं राहिलं नाही. करारातलं शून्य शुल्क फक्त ब्रिटन किंवा युनियनच्या ‘मूळ’ मालाला. टॉवेलचं विणकाम आणि कापून शिवणं, दोन्ही ब्रिटनमध्ये झालं तर तो ब्रिटिश. काठ शिवलेल्या तयार टॉवेलवर नाव भरलं म्हणून त्याचा मूळ देश बदलत नाही. करार ठरला 24 डिसेंबर 2020 ला, लागू झाला आठवड्याभरात. ‘शून्य शुल्क, शून्य कोटा’ हे नेत्यांचं वाक्य घराघरांत पोचलं, त्यामागची मूळ देशाची अट कुणी समजावून सांगितली नाही. हे मला अजून खटकतं.

घोषणापत्राचा मजकूर जुन्या, खरोखर ब्रिटिश मालाच्या इन्व्हॉइसवरून उचललेला. असं फार जण करतात, आणि हे धोक्याचं आहे: आयर्लंडचं कस्टम्स नंतर ब्रिटनकडून पडताळणी मागवू शकतं, निर्यातदाराला पुरावे 4 वर्षं जपावे लागतात.

घोषणापत्र काढायला लावलं. डिक्लेरेशनमध्ये मूळ देश ‘आयएन’ म्हणजे भारत, प्रेफरन्स 300 (करारातली सवलत) ऐवजी 100 (नेहमीची ड्युटी), यू116 हा घोषणापत्राचा कोड वगळला. ड्युटी 12 टक्के: भाडं हिशेबात न धरता, 10,000 युरोंच्या मालावर 1,200, आणि त्या 11,200 वर 23 टक्के व्हॅट. व्हॅटची वजावट हॉटेलला मिळते, ड्युटीची नाही. विक्री डीएपी अटीवर (माल विकणाऱ्याने पोचवायचा, आयातीची ड्युटी घेणाऱ्याने भरायची), म्हणजे बिल हॉटेलच्या माथी. त्यांना फोन करून आधी सांगितलं, मगच पीबीएन काढला. ट्रक बोटीवर चढला.

दुहेरी ड्युटी टाळायला बाँडेड गोदाम आहे: ब्रिटनची ड्युटी न भरता माल ठेवायचा, ऑर्डर आली की टी1 ट्रान्झिटवर (ड्युटी न भरलेला माल नेण्याची कस्टम्सची सोय), हमी देऊन, डब्लिनला. पण बाँडमध्ये लेबल लावता येतं, पेटी बदलता येते. भरतकाम चालत नाही. त्यासाठी इनवर्ड प्रोसेसिंगची, म्हणजे ड्युटी न भरता मालावर काम करण्याची, परवानगी काढावी लागते आणि नगागणिक हिशेब ठेवावा लागतो. एवढ्या छोट्या ऑर्डरीला तो खर्च परवडत नाही.

व्यापाऱ्याने हिशेब केला. पुढचा माल न्हावा शेवाहून थेट डब्लिनच्या नावाने निघेल, हॉटेलची नावं सोलापुरातच भरली जातील. इंग्लंडमधल्या भरतकामाच्या दोन मशीनना ते काम आता नाही.