तुम्ही विचारलंत म्हणून: जमीन मिळाली ना, मग केस कसली?

उजनीचा विषय निघाला की प्रश्न ठरलेला. "सरकारनं धरणग्रस्तांना जमिनी दिल्या ना? मग तुमची केस अजून कसली चाललीय?" परवा लग्नाच्या पंगतीत पुन्हा कुणीतरी विचारलं. हातात जिलेबी घेऊन हे सांगता येत नाही, म्हणून लिहितो.

जमीन मिळाली. अडीच एकर. सातबारा आमच्या नावावर, भोगवटादार वर्ग 2, म्हणजे परवानगीशिवाय विकायची नाही. विकायचं राहू द्या, आम्हाला अजून त्यात पाय ठेवता आलेला नाही. शेतात ऊस दुसऱ्याचा आहे.

भीमेवरच्या या धरणाचं काम 1969 ला सुरू झालं, 1980 ला पुरं झालं. आमचं रान पाण्याखाली गेलं. एखाद्या उन्हाळ्यात पाणी फार खाली जातं, पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं आणि लोक होड्या करून फोटो काढायला जातात. आजोबा एकदाच आले होते. देवळाकडे पाठ करून गाळात आपला बांध कुठं होता ते शोधत बसले.

पुनर्वसनाच्या 1976 च्या कायद्याचा हिशेब सरळ होता. धरणाच्या पाण्यानं ज्यांची शेती भिजणार, त्यांच्यातल्या मोठ्या खातेदारांची मर्यादेवरची जमीन घ्यायची आणि बुडालेल्यांना द्यायची. आमच्याकडे याला 'स्लॅब लागला' म्हणतात. कागदावर तसंच झालं. आजोबांना कब्जेपट्टी मिळाली, तीत 'जागेवर ताबा दिला' असं लिहिलंय. आजोबांनी सही केली ती चावडीत, पंचांनीही तिथंच. जागेवर कुणीच गेलं नव्हतं.

ते पहिल्यांदा औत घेऊन गेले तेव्हा बांधावर मूळ मालक उभा. शिवी नाही, काठी नाही. म्हणाला, "पाव्हणं, ऊस हाय उभा. तुटून गेला की घ्या." आजोबा शेतकरीच, उभ्या पिकात औत कोण घालणार? परत आले. पुढच्या वर्षी गेले तर लागणीचा खोडवा ठेवलेला, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेला ऊस. त्याच्या पुढच्या वर्षी निडवा, म्हणजे खोडव्याचाही खोडवा. मग पुन्हा नवी लागण. मोजणी आली, हद्दीचे दगड रोवले, ते नांगरटीत निघाले. मोजणीदार फितूर होता असं आजी म्हणायची. मला वाटतं तो नुसताच घाईत होता.

अतिक्रमण म्हटलं की लोकांना गुंड दिसतो. हा गुंड नाही. जमीन त्याच्या वडिलांची, मोबदला तुटपुंजा, आणि ज्या पाण्यासाठी ती घेतली ते आमच्या गावावरचं. तो तिथं एकटाच राबलाय, विहीर त्यानंच पाडलीय. त्याची तक्रार खोटी नाही, पण ती सरकारशी आहे आणि वसुली आमच्याकडून चाललीय. आमच्याही नुकसानभरपाईतून या जमिनीपोटी रक्कम कापून घेतलेली आहे. आम्ही फुकटे नाही, हे पंगतीत कुणाला माहीत नसतं.

त्याच्या वकिलांचं म्हणणं, बारा वर्षांच्या वर उघड वहिवाट आहे, आता मालकी त्याचीच. आमचे वकील म्हणतात, सरकारी हक्काच्या जमिनीला तीस वर्षं लागतात. सरकारी जमिनीवरचं अतिक्रमण काढायचे अधिकार जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 50 नं जिल्हाधिकाऱ्यांना दिलेत. म्हणून अर्ज केला, तर उत्तर आलं की जमीन तुम्हाला वाटप झालीय, वाद खासगी, दिवाणी कोर्टात जा. कोर्टात गेलो, तर 'जैसे थे'. जैसे म्हणजे उसासकट.

शेतसारा मात्र आम्हीच भरतो. पावत्या आजीच्या पत्र्याच्या ट्रंकेत आहेत, एकही वर्ष चुकलेलं नाही.

यंदा मोजणीची फी पुन्हा भरलीय. तारीख फाल्गुनातली मिळाली. तोवर तोड झालेली असेल, नाहीतर खोडवा फुटलेला असेल.