शेकाट्यानं घरटं उचललं

पट्टकादंब, तलवार बदकं, थापटे असे सगळे पाहुणे पक्षी मार्चअखेर उत्तरेला निघून गेले की नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वरला माणसंही यायची थांबतात. राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, पण लोकांच्या लेखी ते फक्त हिवाळ्यापुरतं! इथल्या पक्ष्यांचा संसार खरं तर पाहुणे गेल्यावरच सुरू होतो. पण मी पक्षी दाखवणारा गाइड; ‘फ्लेमिंगो दिसणार नाही’ म्हटलं की लोक फोन ठेवतात.

चैत्र संपत आला होता. एक निवृत्त इंजिनिअर काका एकटेच आले. गाळाच्या उंचवट्यावर शेकाट्या या लांब पायांच्या पाणपक्ष्याची जोडी अंड्यांवर आहे, हे मला ठाऊक होतं. लांबूनच स्कोप (दुर्बीण) लावला. अंडी गाळाच्याच रंगाची, त्यामुळे ती शोधत बसायचं नसतं. बसलेल्या पक्ष्याचे मागे निघालेले लांब गुलाबी पाय शोधायचे. शेकाट्या ओरडत वर घिरट्या घालू लागला किंवा पंख मोडल्याचं सोंग करू लागला, म्हणजे आपण नको तितके जवळ गेलो. काही कॅमेरेवाल्यांना नेमका तोच फोटो हवा असतो.

“मघाशी तो दगड कोरडा होता ना?” काका म्हणाले.

वरच्या धरणातून उन्हाळी आवर्तन, म्हणजे शेतीसाठीचं पाणी, सुटलं होतं. ते पाणी आमच्या बंधाऱ्यात अडतं आणि कालव्यांना जातं. तासाभरात उंचवट्याच्या कडा भिजल्या.

मग जोडीनं काम काढलं. एकजण काड्या, शेवाळ, चिखलाचे गोळे चोचीनं उचलून घरट्याकडे टाकायचा. बसलेला पक्षी अर्धवट उठून ते अंड्यांखाली सारायचा. मग अदलाबदल. शेकाटे असं करतात हे ऐकून होतो; पाहिलं पहिल्यांदाच.

काकांना राहवेना. “चार विटा ठेवून वर घेऊ या की!”

मी नाही म्हणालो. अंड्यांना हात लावणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहेच. शिवाय पक्षी तेवढा वेळ दूर राहिला तर एप्रिलच्या उन्हात अंडी भाजून निघतात, आणि चिखलात उमटलेली आपली वाट कुत्र्यांना आयती मिळते. काका गप्प बसले, पण पटलं नव्हतं. रात्री मलाही झोप लागेना. भावाचा ऊस त्याच पाण्यावर उभा आहे. पाणी सोडू नका, असं मी कोणत्या तोंडानं म्हणणार?

दुसऱ्या दिवशी उजाडताच गेलो. उंचवटा बुडालेला, घरट्याचा ढीग दोन बोटं पाण्याबाहेर, वर पक्षी बसलेला. खाली अंडी किती उरली ते कळलं नाही. तो उठेना आणि मी जवळ गेलो नाही.

काकांचा फोन आला तेव्हा एवढंच सांगितलं. आवर्तनाची तारीख आधी कळत नाही का, त्यांनी विचारलं. कळते, कालव्याचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याकडून, चहाच्या टपरीवर. कुठल्या आठवड्यात कुठं घरटी आहेत हे मी त्यालाच सांगू शकतो. त्याच्या वर कोणाला सांगायचं, हे अजून कोणी मला सांगितलेलं नाही.