अ‍ॅमस्टरडॅमचे कालवे: दोन बोटी, दोन वेगळे अनुभव

मागच्या जूनमध्ये आई-बाबांना घेऊन चार दिवस अ‍ॅमस्टरडॅमला होतो. कालव्यातली बोट दोनदा केली, पहिल्या दुपारी काचेच्या छपराची मोठी आणि शेवटच्या संध्याकाळी छोटी उघडी. दोन्हींत खूप फरक आहे म्हणून लिहितोय.

मोठ्या बोटी सेंट्रल स्टेशनसमोरूनच सुटतात, तासाभराचे माणशी साधारण 15-20 युरो. आत टेबलं, टॉयलेट, चढायला सोपं, आईचे गुडघे दुखतात त्यामुळे तिला हीच बरी पडली. पण भर दुपारी काचेवर ऊन येतं आणि फोटोत कालव्याऐवजी समोरच्या सीटवरची माणसंच दिसतात, तेव्हा थोडं आधी रांगेत उभं राहून उघडणाऱ्या खिडकीची जागा पकडा. माहिती ऐकायला कानात लावायचं यंत्र देतात, ते बसल्या बसल्या तपासा, आमचं एक बंद होतं आणि बदलून मिळेपर्यंत बरंच काही मागे गेलं.

तरीही बोट पहिल्याच दिवशी करा असंच सांगेन, कारण हे शहर पाण्याकडे तोंड करून बांधलंय. हेरेनग्राख्त, कायझर्सग्राख्त, प्रिन्सेनग्राख्त हे मोठे कालवे 17व्या शतकात खणले, काम 1613 मध्ये सुरू झालं, आणि 2010 पासून हा सगळा भाग युनेस्कोच्या यादीत आहे. माल बोटीने दारात यायचा आणि घराच्या शेंड्याला जो लोखंडी हूक दिसतो त्याला दोर बांधून वर माळ्यावर चढवायचे. बरीच घरं पुढे झुकलेली दिसतात ती खचल्यामुळेच असं नाही, वर जाणारा माल भिंतीला घासू नये म्हणून मुद्दाम तशी बांधलीत. जिने इतके अरुंद की आजही सोफा-कपाट खिडकीतूनच वर जातं.

बाबांची उभी हयात लाकडाच्या वखारीत गेली, त्यांना सगळ्यात आवडलं ते वेगळंच. जमीन दलदलीची म्हणून सगळं जुनं शहर लाकडी खांबांवर उभं आहे, डॅम चौकातल्या एकट्या राजवाड्याखाली 13,659 खांब! लाकूड कुजत कसं नाही, तर ते कायम पाण्याखाली असतं, हवा लागत नाही. ओलं-सुकं होत राहिलं की मगच लाकूड जातं, हे बाबांनी आम्हाला समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते राजवाड्यासमोर बराच वेळ खाली फरशीकडे बघत उभे होते.

छोटी बोट रात्री साडेआठची घेतली. जूनमध्ये सूर्य दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे उजेडात निघून दिवे लागताना परत. बोट चालवणारा स्वतः माहिती सांगत होता, विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं देत होता. हेरेनग्राख्त आणि रेखुलिर्सग्राख्तच्या कोपऱ्यावर त्याने बोट थांबवली, तिथून एकामागे एक कमानीचे पूल दिसतात, कडेला दिव्यांच्या माळा, आई बराच वेळ काही बोललीच नाही. ही थोडी महाग, टॉयलेट नाही, उतरताना आधार द्यावा लागतो, वारा बोचरा असतो तर जूनमध्येही जॅकेट हवंच. पुलाखाली उभं राहू नका.

नाझींपासून लपून राहून डायरी लिहिणाऱ्या अ‍ॅन फ्रँकचं घर बोटीतून फक्त बाहेरून दिसतं. आत जायचं तर तिकीट ऑनलाइनच, दर मंगळवारी पुढच्या सहा आठवड्यांनंतरची सुटतात आणि पटापट संपतात, म्हणून विमानाच्या तिकिटाबरोबरच ती तारीख लिहून ठेवा.

आणि पैसे वाचवायचे असतील तर सेंट्रलच्या मागच्या दारातून पलीकडच्या काठाला फेरीबोट जाते, ती चक्क फुकट आहे. कालवे दिसत नाहीत, पण मोठं पाणी आणि मागे वळून अख्खं स्टेशन दिसतं, बाबा तीनदा जाऊन आले.