बिअरमध्ये मासा आहे का हो?

इंग्लंडला जाऊन आलेल्या कुणालाही पबबद्दल विचारा, तासभर बोलेल. बिअर कोमट असते, टेबलावर कुणी विचारायला येत नाही, रात्री उशिरा गेलात तर जेवण मिळत नाही, सगळं सांगेल. पण मासे-मटण न खाणाऱ्या माणसानं तिथली पारंपरिक बिअर प्यायची कशी, हे मला एकानंही सांगितलं नव्हतं. उलट, "बिअरमध्ये कसलं आलंय नॉनव्हेज, जव तर असतात" असंच ऐकलं. माझा राग अजून गेलेला नाही, तेव्हा बाकीची माहिती आठवेल तशी मध्येमध्ये येईल.

मी सांगलीची. बिअर आवडते, मासा चालत नाही. शपथ-बिपथ काही नाही, गळ्यात माळ असती तर बिअरही नसती. पण मासा पोटात जायला नको एवढं पक्कं. नवरा केळव्याचा, त्याच्या घरी बाजार म्हणजे मासळीबाजारच. त्याचं ऑफिसचं काम लीड्सला निघालं, मी रजा टाकून मागोमाग गेले आणि शनिवार-रविवार यॉर्क, मँचेस्टर असं फिरायचं ठरलं.

पबमध्ये शिरून ग्लास हातात येईपर्यंतचं काम तसं सोपं आहे. बारपाशी जायचं, मागायचं, तिथल्या तिथे पैसे द्यायचे, ग्लास उचलून जागेवर यायचं. रांग दिसत नाही, पण असते. आपल्या आधी कोण उभं होतं ते लक्षात ठेवायचं आणि बारवाल्यानं चुकून आपल्याला आधी विचारलं तर "हे माझ्या आधी आलेत" म्हणायचं. नोटा हलवायच्या नाहीत, चुटकी तर मुळीच वाजवायची नाही. टिप ठेवायची पद्धत नाही. फारच खूश असाल तर "एक तुझ्यासाठी पण घे" म्हणतात, मग तो तेवढे पैसे लावून घेतो. वय अठराच्या पुढे असलं तरी चेहरा पंचविशीच्या आतला वाटला की ओळखपत्र मागतात. माझ्याकडे कुणी मागितलं नाही, त्याचं मला थोडं वाईट वाटलं.

बारवर ज्या उंच मुठी दिसतात ते हँडपंप. त्यातून ओढून देतात ती कास्क एल, म्हणजे खरी जुन्या पद्धतीची बिअर. पिंपात जिवंत यीस्ट असतं आणि पबच्या तळघरातही ती थोडी आंबत राहते. वरून गॅसचा दाब देऊन थंडगार काढतात ती केग. मोठ्या कंपन्या कास्क मोडीत काढून सगळीकडे केग बसवायला निघाल्या, तेव्हा १९७१ मध्ये चार जणांनी कॅम्रा ही कास्क वाचवणारी ग्राहकांची संघटना काढली. कास्क आज टिकून आहे यात त्यांचा वाटा मोठा. तळघराचं तापमान ११ ते १३ अंश, म्हणून आपल्याला ती कोमट वाटते. दोन घोटांनंतर जिभेला कळतं की बर्फगार बिअरमध्ये चव आपल्यापर्यंत पोचतच नव्हती. निदान मला तसं वाटलं. नवरा अजून फ्रीजवाल्या पक्षात आहे.

आता अडलं कुठे ते सांगते. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका व्हीगन (प्राण्यापासूनचं काहीच, अगदी दूधही न घेणाऱ्या) मुलीनं जाता जाता सांगितलं, की कास्क बिअर स्वच्छ दिसावी म्हणून तिच्यात आयझिंगग्लास घालतात, आणि ते माशापासून बनतं. आधी मला ती थट्टाच वाटली. यॉर्कच्या तटबंदीच्या आतल्या एका जुन्या पबमध्ये (नाव घेत नाही) शनिवारी संध्याकाळी आम्ही शिरलो. छताच्या तुळया इतक्या खाली, की नवरा मान वाकवून उभा. हँडपंपावर एक बिटर (तिकडची कडवट चवीची पारंपरिक एल) होती, तिच्याकडे बोट दाखवून मी विचारलं, "ही शाकाहारी आहे का?"

बारमागचा मुलगा म्हणाला, "बिअर आहे ही."

मी म्हटलं, "ते दिसतंय. हिच्यात मासा आहे का?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. मग खालून एक जाडजूड निळी फाइल काढली. ॲलर्जीची फाइल. तिकडच्या कायद्यानं १४ पदार्थांची माहिती गिऱ्हाइकाला द्यावीच लागते: गहू-जवातलं ग्लूटेन, दूध, अंडी, शेंगदाणे, तीळ, मोहरी, मासे वगैरे. पानावर उभे-आडवे रकाने. त्यानं बोट फिरवत त्या बिटरची ओळ शोधली. ग्लूटेनपुढे खूण, माशापुढे रकाना कोरा. "बघा, मासा नाही," तो विजयी मुद्रेनं म्हणाला.

मी आयझिंगग्लास शब्द उच्चारला. त्यानं तो शब्द आयुष्यात पहिल्यांदा ऐकला असावा. त्यानं दुसऱ्या मुलीला विचारलं, तिनं मॅनेजरला हाक मारली. तोवर माझ्यामागे बरीच माणसं जमली होती. इंग्रज माणूस ओरडत नाही, तो नुसता उसासा टाकतो, आणि माझ्या पाठीवर एकामागून एक उसासे येत होते. नवरा मराठीत पुटपुटला, "अगं, लोक थांबलेत. कोक घे ना एक." मॅनेजर आला. त्यानं तीच फाइल, तेच पान, तोच कोरा रकाना दाखवला. म्हणाला, "फाइल वरून येते, आम्ही त्यात काही बदलत नाही. फाइलीत मासा नाही, म्हणजे मासा नाही." बिअर बनवणाऱ्यांना फोन लावता येईल का, असं मी विचारल्यावर त्यानं घड्याळाकडे पाहिलं. शनिवार संध्याकाळ होती, त्याचंही बरोबर होतं. पण माझा प्रश्नही बरोबरच होता. त्या रात्री मी लाइम-सोडा प्यायले आणि समोर बसून नवऱ्यानं ती बिटर प्यायली. "मस्त आहे गं," हेसुद्धा म्हणाला.

हॉटेलवर येऊन मी झोपायच्या आधी सगळं शोधून काढलं, कारण झोप येणारच नव्हती. खरी गोष्ट अशी, की फाइल खोटं बोलत नव्हती. त्या १४ पदार्थांच्या नियमातच पळवाट आहे. मासा जाहीर केलाच पाहिजे, मात्र बिअर किंवा वाइन नितळ करायला वापरलेल्या आयझिंगग्लासला त्यातून सूट आहे. ॲलर्जीच्या दृष्टीनं ते धोक्याचं नाही, म्हणून सूट. पण ती फाइल ॲलर्जीवाल्यांसाठी आहे, शाकाहारी माणसासाठी नाहीच, हे त्या मॅनेजरला कुणी सांगितलं नव्हतं आणि मलाही नाही. गंमत पाहा: मिल्क स्टाउट नावाच्या काळ्या बिअरमध्ये दुधातली साखर असते, ती फाइलीत नोंदवावीच लागते. म्हणजे जे दूध मला आनंदानं चालतं त्याचा गाजावाजा, आणि ज्या माशासाठी मी जीव टाकतेय त्याचा रकाना कोरा. पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून वस्तू उचलायची सवय झालेल्या आपल्यासारख्यांनी हे ध्यानात ठेवावं.

दुसऱ्या दिवशी त्या बिटरच्या कारखान्याला ईमेल टाकली. सोमवारी उत्तर आलं, सभ्य आणि सविस्तर. हो, आमच्या सगळ्या कास्क बिअरमध्ये आयझिंगग्लास असतं. तीच बिअर बाटलीत घेतलीत तर नसतं, कारण बाटलीतली आम्ही गाळून भरतो. एकच नाव, एकच चव, एक चालते आणि एक चालत नाही! तेव्हा इंटरनेटवर "ही बिअर व्हीगन आहे" असं वाचलंत तर ते बाटलीबद्दल आहे की कास्कबद्दल, हे आधी बघा. बार्निव्होर नावाची एक यादी आहे, त्यात बऱ्याच ठिकाणी हा फरक लिहिलेला सापडतो.

पुढच्या आठवड्यात एका आडबाजूच्या पबमध्ये दुपारी तीनला गेलो. मुद्दाम तीनला: जेवणाची गर्दी ओसरलेली, संध्याकाळची यायची असते. पब चालवणारी बाई साठीची असेल. माझा प्रश्न ऐकून हसली आणि सरळ तळघरात घेऊन गेली. तिथे नऊ गॅलनची, म्हणजे ७२ पिंटांची (पिंट म्हणजे तिकडचा अर्ध्या लिटरहून थोडा मोठा ग्लास) पिंपं आडवी घातलेली. वरच्या भोकात लाकडी खुंटी, तिच्यातून जादा वायू हळूहळू निघून जातो. तिनं सगळं समजावलं. पिंप येतं तेव्हा त्यात यीस्ट तरंगत असतं. गढूळ पाण्यात तुरटी फिरवावी तसं हे आयझिंगग्लास यीस्टचे कण धरून तळाशी घेऊन बसतं, आणि दिवसभरात बिअर काचेसारखी होते. ते न घालता नुसतं थांबलं तरी बिअर बऱ्यापैकी निवळते, पण वेळ जास्त लागतो आणि किंचित धूसर राहू शकते. पूर्वी ते स्टर्जन माशापासून काढत आणि ते महाग पडे. अठराव्या शतकाच्या अखेरीस विल्यम मर्डॉकनं कॉडपासून स्वस्तातलं काढलं, तोच मर्डॉक ज्यानं कोळशाच्या गॅसवर दिवे लावले. माशाच्या पोटात तरंगण्यासाठी जी हवेची पिशवी असते, तिच्यापासून ते बनतं.

हे ऐकताच नवरा एकदम जागा झाला. "अरे, म्हणजे बोत!" पालघरकडे घोळ माशाच्या त्या पिशवीला बोत म्हणतात आणि तिला भाव असा मिळतो, की एका चांगल्या घोळीनं नाखव्याचं घर सावरतं. पुढची दहा मिनिटं तो त्या बाईला केळवे-सातपाटीच्या होड्यांबद्दल सांगत होता आणि ती मन लावून ऐकत होती. आठवडाभर मला "जाऊ दे ना" म्हणणारा हाच माणूस!

बाई म्हणाली, मासा तळाशी गाळात राहतो, ग्लासात येत नाही. असेलही. ज्याला एवढ्यानं पटतं त्यानं खुशाल प्यावी. मला नाही पटलं. मग तिनं टोकाच्या पंपाकडे बोट केलं. त्यावर खडूनं लिहिलं होतं: अनफाइन्ड. म्हणजे यात काही घातलेलं नाही, नुसती निवळू दिलेली. थोडी धूसर, संत्र्याच्या सालीसारखा वास, वर उत्तरेकडचा तो दाट, साईसारखा फेस. उत्तरेत पंपाच्या तोंडाला बारीक भोकांची चकती लावतात, तिनं हा फेस येतो. दक्षिणेत तीच बिअर जवळजवळ सपाट देतात आणि दोघंही एकमेकांना नावं ठेवतात. मी अर्धा पिंट मागितली, मग दुसरी अर्धी. अर्धा मागण्यात कमीपणा नाही, आणि घेण्याआधी चाखायला घोटभर मागितली तर बहुतेक ठिकाणी देतात.

तर विचारताना "शाकाहारी आहे का" असं विचारू नका, "मासा आहे का" असंही नको. "हिला आयझिंगग्लासनं फाइन केलंय का?" असंच विचारा, आणि तळघर जो सांभाळतो त्यालाच विचारा. काही धूसर बिअरवर अनफाइन्ड असं लिहिलेलंच असतं. ब्रिस्टॉलच्या मूर ब्रुअरीनं तर त्याचाच आग्रह धरलाय. मँचेस्टरला रॉचडेल रोडवर मार्बल आर्च म्हणून १८८८ चा पब आहे, जमीन बारच्या दिशेनं उतरती, भिंतींना चकचकीत फरशा. मार्बल ब्रुअरी १९९७ मध्ये तिथेच सुरू झाली. तिथे मी तेच वाक्य टाकलं आणि क्षणात "नाही, वापरत नाही" असं उत्तर मिळालं. मला तर टाळी द्यावीशी वाटली. यॉर्कशायरमधल्या टॅडकास्टरच्या सॅम्युअल स्मिथ या ब्रुअरीच्या बहुतेक बिअर व्हीगन म्हणून नोंदलेल्या आहेत, फक्त त्यांची कास्कमधली ओल्ड ब्रुअरी बिटर त्यात धरू नका. त्यांच्या पबमध्ये २०१९ पासून मोबाइल वापरायला मनाई आहे, तेव्हा यादी बाहेरच पाहून आत शिरा. काहीच जमलं नाही तर गिनेस ही आयरिश काळी बिअर आहे. आयझिंगग्लास सोडत असल्याचं त्यांनी २०१५ मध्ये जाहीर केलं आणि आता ते वापरत नाहीत. ती भरायला वेळ लागतो, म्हणून सगळ्यांची ऑर्डर देताना गिनेस आधी सांगावी.

ऑर्डरवरून आठवलं. आपली पाच माणसं बारवर पाच कार्डं काढून उभी राहतात, ते तिथे फार खटकतं. एकानं सगळ्यांचं घ्यायचं, पुढच्या वेळी दुसऱ्यानं. ज्याची पाळी आली तो नेमका बाथरूमला जात असेल, तर ते सगळे लक्षात ठेवतात. पंपावरची पाटी मागच्या बाजूनं फिरवलेली दिसली तर ती बिअर संपली, मागू नका. परमिट रूमसारखा फुकटचा चकणा येत नाही. पोर्क स्क्रॅचिंग्ज नावाचं पाकीट टांगलेलं असतं, ते डुकराचं कातडं आहे. चिप्स, म्हणजे आपली फ्रेंच फ्राइज पण जाड, निर्धास्त वाटतात. पण यॉर्कशायरमध्ये त्या गाईच्या चरबीत तळायची जुनी रीत आहे. कशात तळता हे विचारा, लगेच सांगतात. तेल म्हणाले तर मोठी वाटी मागवा आणि माल्ट व्हिनेगर सढळ हातानं घाला.