आंधळ्या राक्षसाचे हात

भूत भूत खेळताना पोरं दोन्ही हात समोर ताठ धरून लाकडासारखी चालतात ना, ती चाल कुठून आली हे मला परवा रात्री कळलं आणि तेव्हापासून जो भेटेल त्याला मी हेच सांगत सुटलोय.

१९४३ चा 'फ्रँकेन्स्टाइन मीट्स द वुल्फ मॅन'. युनिव्हर्सल स्टुडिओचा, एका तिकिटात दोन राक्षस: एक फ्रँकेन्स्टाइनने बनवलेला, दुसरा लांडगा होणारा माणूस. सुरुवात एकदम कडक, रात्री दोन चोर थडगं उघडतात, आत लॅरी टॅल्बट, म्हणजे तोच लांडगा-माणूस, चांदणं आत येतं आणि प्रेताचा हात चोराचा हात पकडतो. आहाहा. पण आपण आलेलो असतो मारामारी बघायला आणि ती येते पार शेवटी, कशीबशी दोन-चार मिनिटं. जरा रंगतेय तोवर गावातला एक वैतागलेला इसम धरणच उडवून देतो. कोण जिंकलं? पाणी.

तर ते हात. आदल्या वर्षीच्या सिनेमात फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाच्या डोक्यात त्याचा साथीदार ईगोर याचा मेंदू बसवतात आणि तो आंधळा होतो. ईगोर झाला होता बेला लुगोसी हा नट, म्हणून या वेळी राक्षस पण तोच. साठीचा माणूस बिचारा, आंधळा म्हणून चाचपडत चालला, डायलॉग पण बोलला. नंतर सगळे डायलॉग कापले, ऐकून हसू येत होतं म्हणे. त्यांच्याबरोबर आंधळेपणाचा उल्लेखही गेला. राहिले फक्त पुढे केलेले हात, आणि एक-दोन ठिकाणी नीट बघितलं तर ओठ हलतात पण आवाजच नाही! शेवटी त्याला दिसायला लागतं तेव्हा तो गालात हसतो, ते का हसतो हे प्रेक्षकाला कळायला काही मार्गच नाही.

पुढच्या वर्षीच्या 'हाऊस ऑफ फ्रँकेन्स्टाइन'मध्ये ड्रॅक्युला पण घेतला, तर तो बाकीच्यांना भेटायच्या आधीच खलास. पंगत बसायच्या आत निघून गेलेला पाहुणा. तरी मी दोन्ही सिनेमे एका बैठकीत बघितले आणि परत बघीन.

काल भाचा हात पुढे करून अंगावर आला. म्हटलं, अरे तो आंधळा होता म्हणून तसा चालायचा. "असं होय मामा," म्हणाला, डोळे घट्ट मिटले आणि सरळ टीपॉयवर जाऊन आपटला.