तुम्ही विचारलंत म्हणून: एकसष्टावा सेकंद

"ताई, तुम्ही फोनच्या बिलांचं काम करता ना? मग मला सांगा, दहाचा टॉपअप मारला तर बॅलन्स सात रुपये सत्तेचाळीस पैसेच कसा आला?"

आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या मावशींनी हे विचारलं. गिऱ्हाइकं क्यूआर कोड मागतात म्हणून त्यांच्या मुलाने यूपीआय चालू करायला घेतलं होतं. त्यासाठी त्यांच्या सिमवरून एक एसेमेस जावा लागतो, आणि त्यांच्या स्वस्त प्लॅनमध्ये एसेमेस नव्हताच. म्हणून टॉपअप.

गेली चोवीस वर्षं पुण्यात मी हेच काम करते आहे, आणि थोड्या फार फरकाने हाच प्रश्न मला लग्नांत, रेल्वेत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये विचारला गेला आहे. आमचे पैसे तिथे नक्की कोण मोजतं? माणूस की मशीन? आणि ते बरोबर मोजतात कशावरून?

मावशींचा हिशेब सोपा होता. दहा रुपयांत १८ टक्के जीएसटी आधीच धरलेला असतो. १० भागिले १.१८ केलं की ८ रुपये ४७ पैसे येतात. त्यातून एक रुपया प्रक्रिया शुल्क गेलं की ७ रुपये ४७ पैसे. मी तो त्यांच्या उधारीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून दिला. बाकीच्या प्रश्नाचं उत्तर मात्र वहीच्या पानावर मावत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

आधी जुनी गोष्ट. माझ्या लहानपणी कराडला आमच्याकडे लँडलाइन होती. तेव्हाच्या जुन्या एक्स्चेंजमध्ये प्रत्येक ग्राहकाचा आकडे फिरणारा एक मीटर असे. बोलणं चालू असताना ठराविक वेळाने एक पल्स यायची आणि मीटर एकाने पुढे सरकायचा. लांबचा फोन असेल तर पल्स भराभर यायच्या, जवळचा असेल तर सावकाश. रात्री अकरानंतर एसटीडीचा दर चौथाईवर यायचा, म्हणजे पल्सचं अंतर तेवढं वाढायचं. पल्सची किंमत तीच राहायची. ठराविक दिवसांनी त्या मीटरांचे फोटो काढत. मागचा आकडा, आत्ताचा आकडा, मधला फरक, झालं बिल. वडील बिल हातात घेऊन म्हणायचे, "एवढे फोन आपण केलेच नाहीत." पण वाद घालणार कशाच्या जोरावर? मीटरला फक्त संख्या माहीत होती. कुणाला, कधी, किती वेळ, यातलं काहीच त्याने लिहून ठेवलेलं नसे.

आज प्रत्येक कॉलची नोंद होते. आम्ही तिला सीडीआर (कॉल डिटेल रेकॉर्ड) म्हणतो. आपण कुणाशी बोललो हे कुठेतरी लिहिलं जातं, या कल्पनेने लोक घाबरतात आणि ती काळजी खरीच आहे. पण बिलाच्या बाजूने पाहिलं तर ही नोंद म्हणजे ग्राहकाच्या हातातला पुरावा आहे. माझ्या वडिलांकडे तो नव्हता.

एक कॉल घेऊ. पुण्यातून कुणीतरी साताऱ्याला आईला फोन लावला आणि एकसष्ट सेकंद बोलून ठेवला. नोंदीत फोन करणाऱ्या सिमचा पंधरा आकडी क्रमांक असतो (त्याची सुरुवात आपल्या देशात ४०४ किंवा ४०५ ने होते), शिवाय समोरचा नंबर, सुरुवातीची वेळ सेकंदापर्यंत, एकूण सेकंद आणि कॉल कुठल्या टॉवरखालून लागला ते. पैशांचा त्यात उल्लेखही नसतो. एक्स्चेंजला दर माहीत नसतो, त्याला घडलेलं तेवढं माहीत असतं. त्या घडलेल्याला मोल लावायचं काम पुढे होतं. त्यालाच आम्ही रेटिंग म्हणतो आणि मी आयुष्यभर तेच केलं.

मोल लावण्याआधी नोंदी निवडून, पाखडून घ्याव्या लागतात. तीच फाइल दोनदा आली तर ओळखून एक बाजूला टाकायची, नाहीतर माणसाला एकाच कॉलचे दोनदा पैसे पडतील. शून्य सेकंदांच्या नोंदी वेगळ्या करायच्या. शून्य सेकंद म्हणजे मिस्ड कॉल. एक रिंग म्हणजे "पोचलो", दोन म्हणजे "खाली ये", अशी अख्खी भाषा आपल्या लोकांनी या शून्यावर उभी केली होती. त्या नोंदी ढिगाने जाताना पाहिल्या की मला फार माया वाटायची.

आणि मोठे कॉल जोडून घ्यायचे. तासन्‌तास चाललेल्या कॉलची नोंद तुकड्यातुकड्यांनी येते. समजा तीन तुकडे आले: ३० मिनिटं २ सेकंद, ३० मिनिटं १ सेकंद, ३० मिनिटं ७ सेकंद. जोडले की ९० मिनिटं १० सेकंद, म्हणजे मिनिटाच्या प्लॅनमध्ये ९१ मिनिटांचे पैसे. तेच न जोडता प्रत्येक तुकडा वरच्या मिनिटाला नेला तर ३१ अधिक ३१ अधिक ३१, एकूण ९३. दोन मिनिटं जास्त लागली. ग्राहकाला हे कधीच कळणार नाही. माझ्याकडे नवीन येणाऱ्या मुलामुलींना मी पहिल्याच आठवड्यात हे उदाहरण सोडवायला देते.

आता मोल. नोंद कुणाची, हे सिमवरून ठरतं. मग त्या माणसाचा प्लॅन शोधायचा, पण आजचा नाही, कॉल सुरू झाला त्या क्षणाचा. तुम्ही दहा वाजता प्लॅन बदललात आणि दहाला दहा मिनिटं कमी असताना केलेल्या कॉलची नोंद साडेदहाला आली, तरी तिला जुनाच दर लागला पाहिजे. ऐकायला साधं वाटतं. पण त्यासाठी प्रत्येक प्लॅन, प्रत्येक दर, प्रत्येक पॅक "कधीपासून कधीपर्यंत" यासह जपून ठेवावा लागतो. जुना दर पुसून त्यावर नवा लिहिला की मागचं सगळं खोटं झालं.

मग समोरचा नंबर वाचायचा. सुरुवातीचे जितके आकडे आमच्या दरपत्रकातल्या ओळीशी जुळतील तितके जुळवायचे आणि सर्वांत लांब जुळणारी ओळ घ्यायची. न्यू जर्सीतल्या मुलीला लावलेला फोन १ ने सुरू होतो आणि जमैकाचाही १ नेच, कारण जमैकाचा कोड १८७६ आहे. नुसता १ पाहून थांबलात तर जमैकाच्या कॉलला अमेरिकेचा दर लागेल. आपल्या देशात पूर्वी मोबाइल नंबरच्या पहिल्या आकड्यांवरून कंपनीही कळायची. जानेवारी २०११ मध्ये नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर झाली आणि ती ओळख गेली. "आपल्याच कंपनीच्या नंबरवर स्वस्त" असा पॅक असेल तर आता नंबर वाचून भागत नाही. तो सध्या कुणाकडे आहे, ते वेगळं पाहावं लागतं.

कॉल कुठून लागला याचाही दर असायचा. फोन कंपन्यांच्या नकाशात देशाचे विभाग पाडलेले असतात, त्यांना सर्कल म्हणतात. महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक सर्कल आणि मुंबई वेगळं. पुण्याचं सिम घेऊन पणजीला गेलात तर तुम्ही घरातच. घाट उतरून नवी मुंबईत शिरलात की रोमिंग. त्या काळी मुंबईला निघालेली माणसं लोणावळ्यापर्यंतच काय ते बोलून घ्यायची. मी स्वतः तेच करायचे. डेक्कन क्वीनमध्ये शेजारी बसलेल्या आजोबांनी मला विचारलं होतं, "राज्य एक, भाषा एक, मग हे परगाव कसं?" त्यांना मी सर्कल समजावून सांगितलं. पण त्यांचं म्हणणं बरोबर होतं असं मला आजही वाटतं.

सगळ्यांत शेवटी सेकंद. प्लॅन मिनिटाचा असेल तर एकसष्ट सेकंदांची दोन मिनिटं होतात. मिनिटाला साठ पैसे धरले तर एक रुपया वीस पैसे. प्लॅन सेकंदाला एक पैशाचा असेल तर एकसष्ट पैसे. आई तीच, बोलणं तेच, एका सेकंदाने पैसे जवळजवळ दुप्पट. २००९ साली टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा आणला आणि पाहता पाहता बाकीच्यांनाही ते करावं लागलं. ऑफिसात आम्हाला रात्र रात्र काम पडलं, दरपत्रकं नव्याने भरावी लागली. तरीही ते माझ्या नोकरीतलं सर्वांत आनंदाचं काम होतं. घड्याळाकडे बघत अठ्ठावन्नाव्या सेकंदाला "ठेवते गं" म्हणणाऱ्या किती बायका मी पाहिल्या होत्या.

प्रीपेडची गोष्ट वेगळी आहे, आणि बहुतेक लोक प्रीपेडच वापरतात. तिथे आधी बोलू देऊन मागाहून मोल लावता येत नाही. कॉल जोडतानाच नेटवर्क विचारतं, याला बोलू देऊ का? आमची यंत्रणा शिल्लक पाहून थोडा वेळ मंजूर करते. तो संपत आला की पुन्हा विचारणा, पुन्हा मंजुरी. नेटचंही तसंच. तुमच्या दीड जीबीतला एक तुकडा आधी बाजूला काढून ठेवला जातो, वापरून उरलेला परत जमा होतो. म्हणून व्हिडिओ चालू असताना शिल्लक पाहिलीत तर ती कधी कधी कमी दिसते आणि थोड्या वेळाने वाढलेली दिसते. कुणी काढून घेतलेलं नसतं. नेटवर्क आणि आमची यंत्रणा ज्या भाषेत बोलतात, तिचं नाव डायमीटर. तिच्या आधीची भाषा होती रेडियस. रेडियस म्हणजे त्रिज्या, डायमीटर म्हणजे व्यास. त्रिज्येच्या दुप्पट व्यास, म्हणून हे नाव.

आता "बरोबर मोजतात कशावरून" याबद्दल. मशीन बेरजेत चुकत नाही. आम्ही त्याला जे लिहून देतो, त्यात चुका होतात.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. सणासुदीच्या ठराविक दिवशी एसेमेस पॅक लागू होत नसत आणि प्रत्येक शुभेच्छेला पूर्ण दर लागायचा. त्या दिवसांची यादी सर्कलप्रमाणे आमच्या कॅलेंडरमध्ये भरलेली असायची आणि ती ग्राहकांना आधी कळवलेली असायची. एका कंपनीसाठी भरलेल्या यादीत लक्ष्मीपूजनाच्या जागी पाडव्याची तारीख पडली. भरणारी आमचीच टीम, तपासणारी मी. लक्ष्मीपूजनाला लोकांना पॅक मिळाला आणि पाडव्याला, ज्या दिवशी तो मिळायला हवा होता, पैसे कापले गेले. दुपारी कुणाच्या तरी लक्षात आलं. घरी ओवाळणीचं ताट तसंच ठेवून मी ऑफिसात गेले.

पोस्टपेडच्या नोंदी आम्ही रिरेट केल्या. जुनं मोल काढून टाकायचं, तारीख सुधारायची, त्याच नोंदींना पुन्हा मोल लावायचं. बिल अजून छापलं नव्हतं, त्यामुळे ग्राहकांना काही कळलंही नाही. प्रीपेडवाल्यांचे पैसे मात्र जागच्या जागी गेले होते. ते मोजून, ज्याचे त्याच्या खात्यात, दोन दिवसांत परत केले. ऑफिसात सगळे म्हणाले, पै न पै परत गेली, प्रश्न मिटला.

माझ्यापुरता मिटला नाही. रात्री मी एक यादी काढून पाहिली होती. त्या दिवशी एसेमेस करता करता ज्यांची शिल्लक शून्यावर आली आणि नंतर ज्यांचा फोन लागला नाही, अशांची. नंबरच होते, नावं नव्हती. त्यातल्या एकाने संध्याकाळी एकाच नंबरवर नऊ वेळा प्रयत्न केला होता. त्याचे कापलेले पैसे मी परत करू शकले. तो फोन पाडव्याच्या संध्याकाळी लागायला हवा होता, आणि त्याचं रिरेटिंग होत नाही.

तेव्हापासून कुठलाही प्लॅन माझ्या हाताखालून जाताना मी चार कॉल स्वतः लावून पाहते. एक शून्य सेकंदांचा, एक साठचा, एक एकसष्टचा, आणि एक रात्री अकरा एकोणसाठला सुरू होऊन बारानंतर संपणारा. सणांच्या तारखा दोन वेगळी माणसं दोन वेगळ्या पंचांगांवरून भरतात आणि मी तिसऱ्यावरून ताडून पाहते.

तुमच्याकडूनही तपासणी होऊ शकते, हे फार थोड्यांना माहीत आहे. बिलांच्या अचूकतेचं ऑडिट व्हावं असा ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा, नियम २००६ पासून आहे. २०१२ च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार प्रीपेडवाल्यालाही मागच्या सहा महिन्यांतल्या वापराचा तपशील मागता येतो, आणि त्यासाठी ५० रुपयांहून जास्त घेता येत नाहीत.

मावशींना हे सांगितलं तेव्हा त्या वहीतला माझा हिशेब पुन्हा वाचत होत्या. जीएसटी त्यांना पटला, बाजारात तो सगळीकडेच लागतो. एक रुपयावर बोट ठेवून म्हणाल्या, "हा कशाचा? टॉपअप तर पोरानेच मारला." मग मागच्या सहा महिन्यांत असे किती रुपये गेले ते बघायचंच म्हणाल्या. अर्ज मी लिहून देणार आहे. रविवारी बाजार उठल्यावर त्या सिमचं पाकीट घेऊन येणार आहेत.